नोरीनच्या नावावरचे पॉइंट

मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया, ३ मार्च

प्रिय मर्ल,

तू पाठवलेली वाळवलेली केळी पोचली. डब्याचं झाकण उघडलं आणि तुमच्या कार्नार्व्हनचं ऊन माझ्या ओट्यावर पसरलं. निम्मी मी खाल्ली, निम्मी शेजारच्या क्लेम हॉकिंगनं. त्याच्या कवळीत एक तुकडा असा चिकटला की दहा मिनिटं त्याला बोलता आलं नाही. त्याबद्दल तुझे वेगळे आभार.

फोनबद्दल रागावू नकोस. फोनवर तू ओरडतेस आणि मी ‘काय?’ म्हणतो. कागद बरा. कागदाला कमी ऐकू येत नाही.

नोरीनला जाऊन या चौदा तारखेला सात महिने होतील. दर गुरुवारी मी तिच्यासारखाच कडिनाला जातो. तुला माहीत आहे, आपल्या गावातल्या दुकानात फुकट तिकिटासाठी साठवायचे विमानाचे पॉइंट मिळत नाहीत म्हणून ती सतरा किलोमीटर गाडी हाकत तिकडे जायची. पेट्रोल जाळायची आणि त्याच पेट्रोलवर पॉइंट कमवायची. साबण, पीठ, कुत्र्याचं खाणं, सगळं त्या कार्डावर. एकदा तर कुत्रा मरून महिना झाल्यावरही तिनं त्याचं खाणं आणलं होतं, कारण त्या आठवड्यात त्यावर तिप्पट पॉइंट होते. ते आम्ही क्लेमच्या कुत्र्याला दिलं. तो अजून आमच्या दारात येऊन बसतो.

परवा विमान कंपनीचं मासिक पत्रक आलं. एक लाख बारा हजार सहाशे चाळीस. नऊ वर्षं दाणा दाणा टिपून तिनं घरटं बांधलं, मर्ल. हे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलसाठी होतं. आपले पणजोबा ज्या किनाऱ्यावरून इथल्या तांब्याच्या खाणीत आले, तो किनारा आम्ही दोघं नवरा-बायको बघणार होतो. संध्याकाळी मी त्या समुद्राबद्दल बोलायचो आणि ती विणता विणता हसायची.

क्लेमनं मात्र आपले सगळे पॉइंट देऊन एक टोस्टर घेतला. तो एकाच बाजूनं भाजतो. ‘मी सिंगापूरला जाऊ शकलो असतो,’ असं म्हणतो आणि पाव उलटवतो.

काल ट्रेझाइस मास्तरांची आठवण झाली. त्यांनी आपल्या दोघा भावंडांना पाठ करायला लावलेली ती नदीची लांबलचक कविता तुला आठवते का? सबंध वर्ग खिडकीबाहेर बघत एका सुरात म्हणायचा. तू पहिलं कडवं खणखणीत म्हणायचीस, शेवटचंही म्हणायचीस, आणि मधलं हमखास विसरायचीस. मी मागच्या बाकावरून ओठ हलवून सांगायचो. तुला ते कधी दिसायचंच नाही.

तुझ्याकडे यायचं आहे. कधीतरी नक्की येईन.

तुझा,
ॲल्विन

*

कार्नार्व्हन, पश्चिम ऑस्ट्रेलिया, १७ मार्च

प्रिय ॲल्विन,

‘कधीतरी नक्की’ हे तू नऊ वर्षं लिहितो आहेस. मी ती पत्रं फाईल करून ठेवली आहेत.

ऐक. माझ्या शेजारची लान दरवर्षी आईला भेटायला व्हिएतनामला जाते, आणि केळीच्या घडांइतकंच तिला पॉइंटातलं कळतं. तिला तुझा आकडा सांगितला. तिनं सुपारी कातरावी तसं एका दमात सांगितलं: एवढ्यात एक माणूस लंडनला जाऊन येईल, किंवा दोन माणसं ॲडलेडहून पर्थला जाऊन येतील आणि वर थोडे उरतील. वस्तू घेऊ नयेत, टोस्टर तर अजिबात नको. पर्थच्या पुढे आमच्याकडे येणाऱ्या लहान विमानाला हे पॉइंट चालत नाहीत. पण मी दर सहा आठवड्यांनी खरेदीला पर्थला जातेच, तिथेच भेटू.

तिनं एकच गोष्ट विचारली, ती मी तुला विचारते. ते पॉइंट कोणाच्या नावावर आहेत? नोरीनच्या का?

मधलं कडवं मी विसरायचे नाही. मला ते आवडायचं नाही.

मर्ल

*

मूंटा, ८ एप्रिल

प्रिय मर्ल,

एवढं मोठं अक्षर काढायला काय झालं? एका पानावर आठ ओळी! मला फक्त कमी ऐकू येतं, डोळे शाबूत आहेत. म्हातारा भाऊ म्हणजे सगळंच गेलेलं, असं समजू नकोस.

आणि पर्थमध्ये दर सहा आठवड्यांनी अशी कोणती खरेदी असते बाई? आईनं सबंध आयुष्यात दोन कोट घेतले. तू तिची मुलगी शोभत नाहीस.

येण्याचं मी बघितलं. सध्या पॉइंटावर मिळणाऱ्या जागा शिल्लक नाहीत. त्या म्हणे वर्षभर आधी सुटतात आणि पहाटे उठणारे लोक त्या उचलून नेतात. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे कॉर्निश जत्रा आहे. गावभर कॉर्नवॉलचे काळे-पांढरे झेंडे लागतील, आणि माझ्याकडे या वेळी पेस्ट्या करायचं काम आलं आहे. दरवर्षी ते नोरीनचं असायचं. परवा करून पाहिल्या. सारण तिच्यासारखंच होतं, बटाटा, सलगम, मांस, मिरपूड. पण कडेची मुरड मला जमत नाही. भट्टीत सगळ्या तोंड उघडून बसल्या. क्लेम म्हणाला, ‘चर्चमधली गायनमंडळी दिसतेय.’

इकडे संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतो. पाणी काचेसारखं असतं. वाटतं, ह्याच पाण्याची दुसरी कड कॉर्नवॉलला लागली असेल. तुमची नदी कशी आहे? वर नुसती वाळू आणि पाणी सगळं खालून, असं तू लिहिलं होतंस. फार सुंदर कल्पना आहे ती. ट्रेझाइस मास्तरांनी त्यावर निबंध लिहायला लावला असता.

तुझा,
ॲल्विन

*

कार्नार्व्हन, २ मे

ॲल्विन,

‘प्रिय’ पुढच्या वेळी.

लाननं माझ्यासमोर बसून बघितलं. ॲडलेड ते पर्थ, जून, जुलै, ऑगस्ट, जागाच जागा. तू बघितलंच नाहीस. तू लहानपणीही असाच होतास. करायचं नसलं की कविता सुरू करायचास. खाली नदी आहे हे मला माहीत आहे. त्याच पाण्यावर माझी केळी वाढतात. त्यात कल्पना काही नाही, पंप आहे.

आता मनातलं लिहिते, कारण किती दिवस लिहिता येईल सांगता येत नाही. वॉली गेला तेव्हा मी पहिल्या बाकावर एकटी बसले होते. माझ्या बाजूची जागा तुझी म्हणून रिकामी ठेवली होती. पाद्रीबुवांनी विचारलं, सुरू करू का? मी म्हणाले, पाच मिनिटं थांबू. मग आणखी पाच मिनिटं. तुझं पत्र नंतर आलं की तिकीट फार महाग होतं. सुंदर पत्र होतं ते. माझा नवरा कसा गेला त्यापेक्षा ढगांबद्दल जास्त होतं.

मी तेव्हा बोलले नाही. तू या वर्षी आला नाहीस तर मग येऊ नकोस.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस.

मर्ल

*

मूंटा, ९ जून

प्रिय मर्ल,

पाच आठवडे हे पत्र लिहितोय. चार वेळा ढगांपर्यंत पोचलो आणि फाडलं.

वॉलीच्या वेळचं खरं आहे. पैसे कसेही उभे करता आले असते. दफनविधीला जाणं मला झेपत नाही, म्हणून मी तिकिटाच्या मागे लपलो. नोरीन त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. तुझ्या बाजूची जागा रिकामी होती हे मला आज कळतंय. माफ कर, असं लिहून भागणारं नाही, तरी लिहितो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, सगळे पॉइंट नोरीनच्या नावावर आहेत. आणि ती गेल्याचं मी विमान कंपनीला कळवलेलं नाही.

बँकेला कळवलं, टपाल कचेरीला कळवलं, लायब्ररीचं कार्डसुद्धा परत केलं. हे एकच राहिलं. का, ते सांगतो, हसू नकोस. कडिनाच्या दुकानात पैसे घेणारं एक यंत्र आहे. नोरीनचं कार्ड त्यासमोर धरलं की एक टिंग होतं आणि काचेवर अक्षरं उमटतात: ‘नमस्कार, नोरीन.’ सबंध आठवड्यात तेवढ्या एका ठिकाणी कोणीतरी तिला हाक मारतं. मी एक चहाचा पुडा घेतो. पुढच्या गुरुवारी आणखी एक. कपाटात छत्तीस पुडे आहेत. महिन्याचं पत्रक येतं तेही ‘प्रिय नोरीन’ असं सुरू होतं. तिथे ती अजून जिवंत आहे, नियमित खरेदी करते, आणि प्रवासाला निघायच्या तयारीत आहे.

नियम मी वाचला आहे. माणूस गेल्यापासून बारा महिन्यांच्या आत घरच्यांनी कळवलं तर पॉइंट त्यांच्या नावावर होतात. नंतर सगळे जातात. म्हणजे चौदा ऑगस्ट. पण कळवलं की तिचं खातं बंद. फोन मी तीनदा उचलला. पलीकडून वाट बघायची वेळ सांगतात, वाजंत्री लावतात, आणि त्या वाजंत्रीतच माझा धीर संपतो.

आणि दुसरं असं की हे पॉइंट कॉर्नवॉलचे आहेत. ते पर्थला खर्च केले तर मेलेल्या बायकोचं स्वप्न चोरल्यासारखं होईल. तू रागाव, पण यातून वाट सांग.

ॲल्विन

*

कार्नार्व्हन, २८ जून

प्रिय ॲल्विन,

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगतेय आणि लान लिहितेय. तुझी पत्रंही मार्चपासून तीच वाचून दाखवते, तेव्हा तुझे ढग आम्हा दोघींना पाठ आहेत. तिला ते आवडतात. तिनं माझ्यासमोर स्वतःहून हे वाक्य लिहिलंय.

पर्थला मी खरेदीला जात नाही. डोळ्यात सुई टोचून घ्यायला जाते, दर सहा आठवड्यांनी. पडद्याचा मधला भाग झिजतोय. डावा गेलाच, उजवा चाललाय. सुईनं झीज थोडी थांबते, गेलेलं परत येत नाही. काठ सगळे दिसतात. घराची कौलं, कुंपण, केळीची पानं, बाजूनं चालणारा माणूस. पण ज्याच्याकडे सरळ बघावं, तेच नेमकं पुसलेलं. लानला तोंड नाही, केस आहेत. डॉक्टर म्हणतात, वर्षअखेरपर्यंत एवढं राहील, पुढचं सांगता येत नाही.

आता हस. मधलं कडवं मी विसरायचेच. तू बरोबर होतास.

तुला हे कळवायचं नव्हतं. दया येऊन तू यावंस असं मला नको होतं. तू आपण होऊन यावंस, आणि तुझं तोंड मी अजून ओळखू शकते तोवर यावंस, एवढंच हवं होतं. मी मेल्यावर तू येणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. दफनविधी तुला झेपत नाहीत.

आता कॉर्नवॉल. म्हाताऱ्या, नोरीनला कॉर्नवॉलला जायचंच नव्हतं. ती म्हणायची, तिकडे बारा महिने पाऊस आणि पेस्ट्याच, मग घर काय वाईट आहे? ते तुझं स्वप्न होतं. तुझं मन मोडायला नको म्हणून ती हसायची. तू तिला कधी विचारलंस का?

वॉलीला पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं मला फोन केला होता. रडत होती. म्हणाली, ‘आमच्या घरात पुन्हा कोणी तिकिटाचं कारण सांगायचं नाही. मी आजपासून त्याचं तिकीट जमवतेय.’ त्याच आठवड्यात तिनं ते कार्ड काढलं. दोन जागा पुरतील एवढे झाले की तुला हाताला धरून इकडे आणणार होती. दर नाताळला मला आकडा सांगायची. तुला सांगू नकोस म्हणायची, सांगितलं तर तो आधीच कविता करून मोकळा होईल.

नऊ वर्षं तिनं कुत्र्याचं खाणं आणलं ते यासाठी. तिचं स्वप्न तू चोरत नाहीस. कपाटात ठेवून कुजवतो आहेस.

फोन कर.

मर्ल

(आणि लान. वाजंत्री चौदा मिनिटं असते. खुर्ची घेऊन बसा.)

*

मूंटा, १५ जुलै

प्रिय मर्ल, आणि प्रिय लान,

फोन केला.

त्याआधी गुरुवारी कडिनाला गेलो. चहाचा पुडा घेतला. कार्ड धरलं, टिंग झालं, ‘नमस्कार, नोरीन.’ मी मोठ्यानं म्हणालो, ‘नमस्कार.’ मागे रांग होती. मी बराच वेळ उभा राहिलो असेन. एक बाई पुढे यायला लागली तेव्हा क्लेम तिला म्हणाला, ‘थोडं थांबा. ते बायकोशी बोलताहेत.’ तो माझ्यासोबत आला होता. त्यानं टोपी काढून हातात धरली होती. असला माणूस त्या टोस्टरवर पाव भाजत बसलाय, मर्ल.

शुक्रवारी खुर्ची घेऊन बसलो. वाजंत्री अकरा मिनिटं होती. मग ब्रिस्बेनहून एक मुलगी बोलली. तिनं विचारलं, खातेदाराशी तुमचं नातं काय? मी म्हणालो, नवरा. तिनं नोरीन गेल्याची तारीख विचारली. मी म्हणालो, आज शुक्रवार, इकडे वारा सुटलाय. ती हळूच म्हणाली, ‘घाई नाही, मिस्टर ट्रेलोर.’ तेव्हा मी ती तारीख सांगितली.

तोंडानं पहिल्यांदाच सांगितली, मर्ल. कागदावर लिहिली होती, पण सांगितली नव्हती.

मग कागदपत्रं पाठवली, मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला. लग्नाच्या दाखल्यावर नोरीनची सही अशी दाबून आहे की कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला लागते. आठ दिवसांनी त्याच मुलीचा फोन आला. पॉइंट माझ्या नावावर झाले होते. तिनं विचारलं, ‘मिसेस ट्रेलोर यांचं खातं आता बंद करू ना?’ मी एक मिनिट मागितलं. तिनं दिलं. वाजंत्री लावली नाही. मग मी म्हणालो, ‘करा.’

आणि लगेच जागा घेतल्या, नाहीतर पुन्हा ढग आले असते. एकवीस ऑगस्टला मी ॲडलेडहून निघेन. लाननं कळवलेल्या तारखांप्रमाणे तुझी सुई वीसला आहे ना? म्हणजे तू पर्थमध्येच असशील. आता नीट ऐक. जागा दोन आहेत. नोरीननं दोन जागांचे पॉइंट जमवले होते, आणि मी एकाच तिकिटावर परत येणार नाही. परतताना दुसरी जागा तुझी आहे. ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे राहा. आपली शाळा बघ, धक्का बघ, आईबापांच्या कबरींवर फुलं ठेव. जे जे ओळखायचं राहिलंय ते ओळखून घे. मग तुझ्या सुयांच्या वेळापत्रकाप्रमाणे तुला परत पाठवीन. ॲडलेडलाही सुया टोचतात, मी चौकशी केली आहे.

मुलीनं विचारलं, येताना खिडकी कोणाला? मी म्हणालो, बहिणीला विचारून सांगतो.

काही पॉइंट उरलेत. तेवढ्यात टोस्टर येतो. नको म्हणालो.

कपाटातल्या चहाच्या पुड्यांतले सहा घेऊन येतोय.

तुझा,
ॲल्विन

*

कार्नार्व्हन, २६ जुलै

प्रिय ॲल्विन,

हे मी स्वतः लिहितेय. ओळी एकमेकींवर चढल्या तर चढू दे. लान म्हणते, वाचता येतंय.

येते. ऑक्टोबरपर्यंत राहीन. केळी लान बघेल. तिनं मला माझ्याच घरातून हाकलायला सुरुवात केलीय.

खिडकी तू घे. मला काय दिसणार? तू ढग बघ, मी झोपेन.

एक आधी सांगून ठेवते, नाहीतर तिथे गोंधळ होईल. पर्थला दारातून तू बाहेर आलास की मी तुझ्याकडे बघणार नाही. तुझ्या कानाच्या पलीकडे, भिंतीकडे कुठेतरी बघेन. रागावलेय असं समजू नकोस. तसं बघितलं तरच तू मला दिसतोस.

काहीतरी भडक घाल. म्हातारे सगळे करड्या कोटात येतात.

मर्ल

*

(जाड काळ्या पेनानं, एका पानावर एकच वाक्य, अशी चार पानं)

मूंटा, ६ ऑगस्ट

मर्ल,

नोरीनचा पिवळा मफलर घालून येतोय.

दारात मी थोडा बाजूला उभा राहीन.

तू सरळ बघ.

येताना खिडकी तुझी, तिथून तसंही बाजूलाच बघायचं असतं.

ॲल्विन